बरणीतलं डबकं : मासे न ठेवलेलं अ‍ॅक्वेरियम

पाणकणीस

पावसाळा लागला की इथे गप्पी, गोल्डफिश आणि फिल्टरवर धागे निघतात. हा धागा मासे मुद्दाम न ठेवलेल्या टाकीबद्दल आहे.

टाकी म्हणजे लिटर-दीड लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी. तळाला दोन बोटं गाळ, वर त्याच डबक्याचं पाणी, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन-तीन काड्या आणि कुजत आलेलं एखादं पान. पंप नाही, फिल्टर नाही, खाणं घालायचं नाही. पाणी बरणीच्या खांद्यापर्यंत भरायचं नाही, त्याच्या खालीच थांबायचं, म्हणजे हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग मोठा राहतो. उत्तरेच्या खिडकीत ठेवायची. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. एवढंसं पाणी उन्हात फार लवकर तापतं. मासा एकही नको. इवला गप्पी जरी सोडला तरी आपल्याला जे बघायचंय तेच तो खाऊन टाकतो.

हे सांगितलं की लगेच विचारणा होते, मायक्रोस्कोप कितीचा घेऊ? माझं ठाम मत आहे की मायक्रोस्कोप नंतर. आधी काही दिवस नुसत्या डोळ्यांनी आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने बरणी बघा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, बरणीच्या मागे काळा कागद लावा आणि बाजूने टॉर्च मारा. झटके देत सरकणारा पांढरा ठिपका दिसला तर तो सायक्लॉप्स. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या दिसतील, आणि प्राणी सगळा मिळून मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा! उड्या घेत वरखाली होणारा गोलसर जीव म्हणजे डाफ्निया किंवा त्याचा भाऊबंद मोइना. त्याचं अंग इतकं पारदर्शक असतं की पाठीमागे धडधडणारं हृदय दिसतं, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. दोन शिंपल्यांत बंद होऊन तळाशी लगबगीने फिरणारे असतात ते ऑस्ट्राकॉड.

आणि नशीब चांगलं असेल तर हायड्रा. बरणी एक-दोन दिवस अजिबात न हलवता ठेवली की उजेडाच्या बाजूच्या काचेवर तो येऊन बसतो. एक टोक काचेला चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला पाच-सहा लांब तंतू पसरलेले, सगळा मिळून सेंटिमीटरभर. एखादा डाफ्निया तंतूला नुसता लागला तरी तिथेच लुळा पडतो.

या हायड्रावर १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेंबलीने जे काम केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तो नेदरलँड्समधल्या हेगजवळ एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक होता. हे झाड की प्राणी, एवढाच त्याचा प्रश्न. त्याने हायड्रा कापून बघितला आणि प्रत्येक तुकड्याचा पुन्हा पुरता हायड्रा झाला. युरोपभर विद्वान चक्रावले. त्याच्याकडे होत्या खिडकीतल्या काचेच्या बरण्या, कात्री आणि साधं भिंग.

तुमच्याकडे कुणी असं डबकं पाळलंय का? काय काय दिसलं ते लिहा.

मंजिरी_व

वाचतेय. लिहीत राहा.

अवनीची_आई

ताई, फार आवडलं. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला आजच बरणी हवी आहे. पण आमच्या सोसायटीत पालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा तपासतात. घरात साचलेलं पाणी ठेवायचं म्हणजे डासांचं काय? आणि डबक्यातलं पाणी मुलीने हाताळलेलं चालेल का?

पाणकणीस

@अवनीची_आई, दोन्ही शंका रास्त आहेत.

डासांसाठी बरणीच्या तोंडावर मलमलचं दुपदरी कापड आणि घट्ट रबर, पहिल्या दिवसापासून. डास आत आलाच नाही तर अंडी घालणार कुठे. राहिला प्रश्न डबक्यातून आलेल्या अळ्यांचा. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पहिला आठवडा रोज बघून अळ्या ड्रॉपरने उचलून काढायच्या. काढण्याआधी अवनीला दाखवा मात्र. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी अ‍ॅनोफेलिसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून तिरकी लटकते ती एडिसची किंवा क्युलेक्सची. हा फरक भिंगाशिवाय कळतो, आणि एकदा कळला की गच्चीवरच्या टाकीत, कूलरमध्ये मुलं स्वतःच अळ्या शोधून दाखवतात.

पाणी आणायचं ते गटार, नाला, पुराचं साचलेलं पाणी इथून कधीच नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा असतो. कमळाची कुंडी, शेततळं, बागेतलं छोटं तळं ही ठिकाणं चांगली. हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे. पाणी ड्रॉपरनेच उचलायचं, नळीने तोंडाने ओढायचं नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे. एवढं पाळलं तर आठ वर्षांच्या मुलीला काहीच अडचण नाही.

शाळामास्तर

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवतो. पाणकणीसताईंच्या ‘मायक्रोस्कोप नंतर’ला पूर्ण पाठिंबा, आणि त्यापुढची गोष्ट सांगतो.

मायक्रोस्कोप हातात आला की मुलं थेट सगळ्यात मोठ्या भिंगाकडे धावतात आणि मग ‘सर, काहीच दिसत नाही’. त्याचं कारण साधं गणित आहे. शाळेच्या नेहमीच्या मायक्रोस्कोपमध्ये डोळ्याकडचं भिंग १० पट आणि खालचं ४ पट लावलं की एकूण ४० पट होतं. त्या वेळी दिसणारं वर्तुळ साधारण साडेचार मिलिमीटर रुंद असतं. खालचं १० चं लावलं की १.८ मिलिमीटर. ४० चं लावलं की अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. आता पॅरामिशियम (एक एकपेशीय जीव) सेकंदाला मिलिमीटरभर पोहतं. म्हणजे ४०० पटीवर ते डोळ्यांसमोरून अर्ध्या सेकंदात निघून जाणार! ४० पटीवर तेच चार-पाच सेकंद दिसतं, वळताना दिसतं, अडथळ्याला धडकून मागे येऊन पुन्हा दिशा बदलताना दिसतं.

तुमच्या मायक्रोस्कोपचं वर्तुळ नेमकं किती ते स्वतः मोजा. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी स्लाइडच्या जागी ठेवायची आणि मिलिमीटरच्या रेघा मोजायच्या. मग वर्तुळाच्या रुंदीत तो जीव किती वेळा मावेल याचा अंदाज घेतला की लांबी मिळते. ओळख पटवायला लांबीसारखी मदत नाही. वहीत चित्राशेजारी लांबी लिहिलेली नसेल तर मी चित्र तपासतच नाही.

पळणाऱ्याला आवरायचं असेल तर कापसाचे चार तंतू पिंजून थेंबात घाला आणि वर कव्हरस्लिप, म्हणजे अगदी पातळ काचेचा तुकडा. पॅरामिशियम त्या तंतूंच्या मधल्या जागेत अडकून घुटमळतं. मग ४०० वर जा. शरीराच्या दोन टोकांना दोन पोकळ्या आळीपाळीने फुगताना आणि मिटताना दिसतील. गोडं पाणी सतत आत शिरत असतं, ते बाहेर फेकायचं काम या पोकळ्या करतात.

एक युक्ती अजून. कोरी काचपट्टी दोऱ्याने बांधून बरणीत आठवडाभर उभी लटकवून ठेवा. तिच्यावर डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ), व्हॉर्टिसेला (देठावरच्या घंटेसारखा एकपेशीय जीव), रोटिफर (तोंडाशी केसांची चक्रं असलेला सूक्ष्म प्राणी) आपणहून वस्ती करतात. बाहेर काढायची, एक बाजू पुसायची, दुसऱ्या बाजूवर कव्हरस्लिप ठेवायची आणि बघायचं. थेंबात जे कधी सापडत नाहीत असे चिकटून राहणारे जीव असे मिळतात.

निळू_सांगली

ताई, मी गेल्या आठवड्यात बरणी लावली. पाणी दुधाळ झालंय, वर तवंग आलाय आणि वास मारतोय. घरचे म्हणतात फेकून दे. नवीन पाणी आणू का?

पाणकणीस

@निळू_सांगली, अजिबात फेकू नका! हीच बघायची वेळ आहे.

दुधाळपणा म्हणजे जीवाणू. पान कुजतंय, त्यावर त्यांची भरभराट झालीय. तवंगही बहुतेक त्यांचाच. आता त्यांना खाणारे येणार, मग खाणाऱ्यांना खाणारे. गवत उकळून ठेवलेल्या पाण्यात हा क्रम कसा लागतो यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वुडरफने १९१२ साली काम प्रसिद्ध केलं. पृष्ठभागावर एकामागून एक कोणाचं राज्य येतं ते त्याने नोंदवलं : आधी शेपटीने पोहणारे अगदी बारके एकपेशीय, मग कोल्पोडा हे बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय, मग काठाकाठाने पायांवर चालल्यासारखे फिरणारे हायपोट्रिक, त्यानंतर पॅरामिशियम, मग व्हॉर्टिसेला, शेवटी अमीबा. तुमच्या बरणीत गाळ आणि वनस्पतीही आहेत, त्यामुळे क्रम इतका रेखीव नसेल, पण लाटा येणार.

या सगळ्या छंदातलं मला सगळ्यात प्रिय काही असेल तर ते हेच. एका थेंबाचा सुंदर फोटो कुणीही काढेल. तीच बरणी, तोच कोपरा आठवड्यामागून आठवडा बघितला की मग कळतं की कालपर्यंत जिकडेतिकडे दिसणारं पॅरामिशियम आज शोधावं लागतंय, आणि काचेवर रोटिफर वाढलेत. कोण कुणाला खाऊन वाढलं, कुणाचं खाणं संपलं, हे डोळ्यांसमोर घडतं. म्हणून दर वेळी तीन थेंब वेगवेगळे घ्या : एक तवंगाचा, एक गाळाचा, एक पानावरून खरवडून. तिन्हींची वस्ती निरनिराळी असते.

वास कमी करायला कुजकं पान अर्धं काढा, हायड्रिला वाढवा. वास तरीही वाढतच गेला आणि गाळ काळा पडत चालला तर प्राणवायू संपतोय असं समजा आणि पाणी पसरट भांड्यात ओता. पाणी आटलं की भर घालायला पावसाचं किंवा आरओचं पाणी बरं, कारण वाफ होऊन उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. नळाचं घालायचं तर दिवसभर उघड्या भांड्यात ठेवून मग, म्हणजे क्लोरीन निघून जातो.

आणि वासाच्या पाण्याची परंपरा फार जुनी आहे बरं. डेल्फ्टचा लेवेनहुक कापडाचा व्यापारी. मिरी जिभेला का झोंबते हे शोधायला त्याने मिऱ्याचे दाणे पाण्यात भिजत घातले आणि १६७६ साली त्या पाण्यात त्याला असंख्य जीव हलताना दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीत लोकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने तोच प्रयोग करून तिथे सगळ्यांना दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

निळू_सांगली

राहू देतो मग. मिऱ्याचं पाणीही लावतो शेजारी.

गप्पीप्रेमी

थोडा वेगळा सूर लावतो. मी बरीच वर्षं मासे पाळतोय. आमच्याकडे हायड्रा म्हणजे उपद्रव. पिल्लांच्या टाकीत शिरला की नुकती जन्मलेली पिल्लं पकडतो. दुसरं, पंप न लावता पाणी ठेवणं मला पटत नाही. छोटा एअरस्टोन (पंपाचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला तर काय बिघडतं? वासही येणार नाही.

पाणकणीस

@गप्पीप्रेमी, पिल्लांच्या टाकीत हायड्रा नकोच, त्यात वाद नाही. ही बरणी वेगळी, जाळी आणि ड्रॉपरही वेगळे ठेवा, म्हणजे इकडचं तिकडे जाणार नाही.

पंपाबद्दल मात्र मी अडून बसेन. लिटरभर पाण्यात बुडबुडे सोडले की गाळ सतत ढवळत राहतो. मग वरचा, खालचा, काचेवरचा असे वस्तीचे थर उरत नाहीत, सगळीकडे एकच मिश्रण. स्टेंटॉर (कर्ण्याच्या आकाराचा एकपेशीय), हायड्रा, व्हॉर्टिसेला यांना स्थिर पाणी लागतं. आणि थोडी कुजण तर हवीच, तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. रुंद तोंड, उथळ पाणी आणि हिरवी वनस्पती एवढ्याने माशांशिवाय भागतं.

गप्पीप्रेमी

थरांचा मुद्दा लक्षात आला. एका बरणीत पंप आणि एका बरणीत नाही, असं एकाच डबक्याच्या पाण्यावर करून बघतो. आकडे इथे टाकेन.

शाळामास्तर

@गप्पीप्रेमी, उत्तम. दोन्ही बरण्या एकाच खिडकीत ठेवा आणि गाळही सारखाच घाला, नाहीतर तुलना फसेल.

दुष्काळी_माळ

सायक्लॉप्सचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या भागात जुन्या माणसांना हा प्राणी नावाने माहीत नाही, पण त्याने काय केलं ते पक्कं माहीत आहे. माझ्या आजोबांच्या पायातून नारू, म्हणजे अंगात वाढणारा लांब जंत, निघाला होता. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजणार. जवळजवळ हातभर लांब. आजोबा त्या दिवसांत शेतात जाऊ शकत नव्हते, ऐन पेरणीत.

नारूची सूक्ष्म पिल्लं पाण्यात सायक्लॉप्स खातो, ते पाणी माणूस पितो, आणि सुमारे वर्षाने पायाला फोड येऊन जंत बाहेर डोकावतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, की तिथे नवी पिल्लं सुटली. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत लोक पायाने पाण्यात उतरूनच पाणी भरायचे, त्यामुळे हे चक्र थांबत नव्हतं. थांबवलं ते मुख्यतः कापडाने. पाणी गाळून प्यायलं की सायक्लॉप्स कापडावर अडकतो, तो डोळ्यांना दिसण्याइतका मोठा आहेच. त्याच्या जोडीला पाण्यात औषध टाकणं, पायऱ्यांच्या विहिरी बदलणं, घरोघर जाऊन रोगी शोधणं. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. ना लस, ना जंत मारणारी गोळी.

आता बरणीत तो बघताना भीती नाही वाटत. पण मुलांना दाखवताना ही गोष्ट जरूर सांगा.

पाणकणीस

@दुष्काळी_माळ, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आजोबांकडून ऐकलेलं अजून काही असेल तर स्वतंत्र धागा काढाच. गावोगावची अशी आठवण नोंदवून ठेवायला हवी.

डोंगरवाट

कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात फेअरी श्रिम्प सापडतात. बोटाच्या पेराएवढे, उताणे पोहतात, पायांच्या अकरा जोड्या लयीत हलतात. खळगा आटला की प्राणी मरतात, पण अंडी कोरड्या मातीत उन्हाळा काढतात आणि पुढच्या पावसात फुटतात. बघितल्यावर बरणीत आणायचा मोह होतो. कृपया आणू नका. असा खळगा कधी कधी परातीएवढाच असतो. चार जणांनी बाटल्या भरल्या तर त्या वर्षीची अंडीच जमिनीत पडणार नाहीत. कासच्या पठारासारख्या संरक्षित जागी तर काहीच उचलायचं नाही.

तिथेच बसून बघायला फोल्डस्कोप बरा पडतो. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेला हा कागदी घडीचा मायक्रोस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि खिशात मावतो. थेंब बघायचा आणि परत त्याच खळग्यात सोडायचा.

मंजिरी_व

+१. आणि पावसाळा संपल्यावर काय करायचं? आमच्याकडे दिवाळीनंतर डबकी उरतच नाहीत.

शाळामास्तर

@मंजिरी_व, कंपाउंडच्या भिंतीवरचं वाळून कुरकुरीत झालेलं मॉस घ्या, चिमूटभर. ताटलीत पावसाच्या पाण्यात भिजवा, काही तासांनी पिळून ते पाणी बघा. जळवेसारखे अंग आखडत-ताणत चालणारे रोटिफर बहुतेक वेळा मिळतातच. सुकलं की अंग मिटून पडून राहतात, ओल मिळाली की पुन्हा चालू लागतात. लेवेनहुकने १७०२ साली पन्हळीतल्या कोरड्या धुळीवर पाणी टाकून हेच पाहिलं होतं. पुरेसा धीर धरलात तर आठ पायांचा टार्डिग्रेडही भेटेल, अर्ध्या मिलिमीटरचा. माझ्या वर्गात तो सापडला की त्या दिवशी पुढचा धडा होत नाही.

अवनीची_आई

बरणी लागली! कमळाच्या कुंडीतलं पाणी आणि हायड्रिला. डास नाहीत. शेजाऱ्यांचा जुना मायक्रोस्कोप मिळाला.

आज हायड्रिलाच्या पानावर एक वेगळंच काही दिसलं. एका फांदीसारख्या देठावर बऱ्याच उलट्या घंटा. प्रत्येकीच्या तोंडाशी काहीतरी भोवऱ्यात फिरतंय. अवनीने टेबलावर बोट आपटलं की सगळं आकसून गोळा होतं आणि मग हळूहळू पुन्हा उघडतं. १०० पटीवर. व्हॉर्टिसेला का?

शाळामास्तर

व्हॉर्टिसेला सुटी सुटी असते, एका घंटेला एक देठ. फांद्या आहेत म्हणजे वसाहत करणारे तिचे नातेवाईक. आता अवनीला नीट बघायला सांगा. धक्का बसल्यावर अख्खी वसाहत एकाच क्षणी आखडते, की प्रत्येक घंटा आपापली? देठ गुंडाळतो, की देठ ताठ राहून नुसती घंटाच मिटते?

सगळी एकदम आखडली तर झूथॅम्नियम, कारण त्याच्या देठातला आकुंचन पावणारा धागा सगळ्या फांद्यांत सलग असतो. आपापली आखडत असतील तर कार्केशियम, तिथे धागे प्रत्येकाचे तुटक. देठ अजिबात आखडत नसेल तर एपिस्टायलिस. हे आखडणं काही मिलिसेकंदांत होतं, डोळ्याला फसवतं, म्हणून फोनच्या स्लो मोशनवर डोळ्याकडच्या भिंगातून चित्रण करा.

अवनीची_आई

स्लो मोशनवर तीन वेळा बघितलं. टेबल आपटलं तर सगळ्याच आखडतात, त्यावरून ठरत नव्हतं. मग अवनी नुसती वाट बघत बसली. एक मोठं काहीतरी पोहत येऊन एका कडेच्या घंटेला धडकलं, तर तेवढी एकच आखडली. बाकीच्या उघड्याच. देठाची स्प्रिंग झालेली स्पष्ट दिसते.

शाळामास्तर

मग कार्केशियम. टेबल आपटून ठरणार नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने वाट बघितली, ही फार चांगली निरीक्षक आहे. घंटेची लांबी मोजून इथे लिहायला सांगा.

पाणकणीस

@अवनीची_आई, अवनीचं अभिनंदन! पानाचा तो तुकडा स्लाइडवर फार वेळ ठेवू नका. कव्हरस्लिपच्या कडेने थोड्या थोड्या वेळाने बरणीतल्याच पाण्याचा एक थेंब सोडत राहा, आणि बघून झालं की तुकडा परत बरणीत. कार्केशियमची वसाहत वाढत असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच पानावर किती घंटा आहेत ते मोजता येईल. पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे तेच पान सापडेल.